मुलगा पंधराचा, सासूबाईंना स्मृतिभ्रंश: खरेदीखतावर सही कोणाची चालते?

पत्र: माझे यजमान २०२२ मध्ये गेले. त्यांनी २०१२ साली स्वतःच्या पगारातून घेतलेली १ हेक्टर २० आर जिरायत जमीन आहे. वारसनोंद झाली असून सातबाऱ्यावर माझं, सासूबाईंचं, मुलीचं आणि मुलाचं नाव लागलं आहे. मुलगी २० वर्षांची, मुलाला नुकतीच १५ पूर्ण झाली. त्याच्या नावासमोर 'अपाक आई' असं लिहिलेलं आहे. सासूबाई ७६ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. कधी सगळ्यांना ओळखतात, कधी माझ्या मुलीला स्वतःची बहीण समजतात. त्यांनी २०२१ मध्ये माझ्या धाकट्या दिरांना नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिलं होतं.

आता ६० लाखांना गिऱ्हाईक आलं आहे. दिरांनीच आणलं. पाच लाख विसार घेऊन पुढच्या आठवड्यात साठेखत करायचं म्हणतात. मुलाच्या वतीने माझी सही, सासूबाईंच्या वतीने दिरांची, आणि मुलगा अठराचा झाला की त्याचं संमतीपत्र करून घेऊ, असं ठरतं आहे. यजमानांच्या आजारपणात काढलेलं पतसंस्थेचं चार लाखांचं कर्ज आणि मुलीची नर्सिंगची फी माझ्या डोक्यावर आहे. सही करू का? शिवाय मुलाने क्लाससाठी हप्त्यावर टॅब घेतला, त्या फॉर्मवर त्याची आणि माझी दोघांची सही आहे. त्याचं काय?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, साठेखतावर (म्हणजे पुढे जमीन विकण्याच्या करारावर) सही करू नका आणि विसाराचे (आगाऊ रकमेचे) पैसेही घेऊ नका. तुमच्या अडचणी खऱ्या आहेत, पण हा व्यवहार सांगितला तसा केलात तर त्या सुटणार नाहीत. वर आणखी दोन दावे गळ्यात पडतील.

आधी हिस्से समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जमीन यजमानांनी स्वतः कमावलेली होती आणि मृत्युपत्राचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, आई, मुलगा आणि मुलगी हे चौघं पहिल्या वर्गाचे वारस, आणि चौघांना समान वाटा. म्हणजे प्रत्येकी ३० आर. हे चार हिस्से चार स्वतंत्र मालकांचे आहेत. एकत्र कुटुंबाची ही मिळकत नव्हे. हा फरक गावात फारसा कोणी सांगत नाही आणि नेमका इथेच घोळ होतो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत, कुटुंबाच्या गरजेपोटी कर्ता (कुटुंबप्रमुख) अज्ञान मुलाचा अविभक्त हिस्सा धरून विक्री करू शकतो. तिथे न्यायालयाची परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं आहे. दिरांनी किंवा गिऱ्हाइकाने 'आमच्याकडे असंच झालं' म्हणून दाखवलेली खरेदीखतं बहुधा त्या प्रकारची असतील. तुमच्या मुलाचा हिस्सा त्याचा स्वतःचा आहे, त्याला तो नियम लागू होत नाही.

मुलाचे ३० आर

१८ वर्षं पूर्ण होईपर्यंत माणूस अज्ञान. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे त्याला करार करता येत नाही, आणि त्याने केलाच तर तो मुळातच शून्य, म्हणजे झालाच नाही असा. हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात पक्कं केलं. कलकत्त्यातल्या एका अज्ञान मुलाने घर गहाण ठेवून सावकाराकडून २० हजारांचं कर्ज लिहून दिलं होतं. सावकाराच्या वकिलाला मुलाचं वय माहीत होतं. गहाणखत रद्द झालं आणि दिलेली रक्कमही सावकाराला परत मिळाली नाही. सव्वाशे वर्षं झाली, नियम तोच आहे.

आता तुम्ही म्हणाल, सही मुलगा करतच नाहीये, मी करते आहे. बरोबर. वडील नसल्याने तुम्ही त्याच्या नैसर्गिक पालक आहात. पण पालकाच्या अधिकाराला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ८ ने कुंपण घातलं आहे. अज्ञानाची स्थावर मिळकत विकायची, गहाण ठेवायची, बक्षीस द्यायची किंवा अदलाबदल करायची तर आधी न्यायालयाची परवानगी हवी. परवानगीशिवाय केलेली विक्री त्याच क्षणी रद्द ठरत नाही, पण मुलाला ती रद्द करून घेता येते. त्यासाठी मुदत कायद्यात सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं दिली आहेत. म्हणजे वयाची २१ पूर्ण होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ही टांगती तलवार. उद्या गिऱ्हाईक जमिनीवर कर्ज काढायला गेलं की बँकेचा वकील शोध अहवालात पहिली हरकत हीच काढेल. त्या दिवशी ते तुमच्या दारात येईल.

सातबाऱ्यावरचा 'अपाक' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. महसूल दप्तराला एवढंच सांगायचं असतं की हा खातेदार अज्ञान आहे आणि त्याची देखभाल आई करते. त्यातून विकण्याचा अधिकार तयार होत नाही. तलाठ्याने नाव लावलं म्हणजे सही चालते, हा समज डोक्यातून काढून टाका.

'अठराचा झाला की संमतीपत्र' या वाक्यात सगळ्यात मोठा धोका आहे. त्याने संमती द्यायला नकार दिला तर? त्याला बांधून ठेवायचा कुठलाही मार्ग कायद्यात नाही. कलम ८ मध्येच स्पष्ट आहे की पालक स्वतःच्या शब्दाने अज्ञानाला व्यक्तिशः बांधू शकत नाही. मग गिऱ्हाईक काय करतं? साठेखतात एक परिच्छेद घालतं: 'अज्ञानाने पुढे हरकत घेतल्यास होणारे सर्व नुकसान लिहून देणार क्रमांक १ भरून देतील.' लिहून देणार क्रमांक १ म्हणजे तुम्ही. मुलगा मोकळा आणि तुमचं घरदार अडकलेलं. मसुदा हातात आला की हा परिच्छेद शोधा. तो बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर, 'निर्वेध व निजोखमी' या शब्दांच्या आसपास सापडेल.

आणखी एक. साठेखत सगळ्या १२० आरचं केलं आणि बाकीच्यांचे हिस्से देता आले नाहीत, तर करार तिथेच संपला असं होत नाही. गिऱ्हाईक दिवाणी न्यायालयात जाऊन तुमच्या हिश्श्यापुरती पूर्तता मागू शकतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा हुकूम द्यायचा की नाही हे पूर्वीसारखं न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलेलं नाही. तुमचे ३० आर जातील, ठरलेली मोठी रक्कम मात्र हाती येणार नाही.

परवानगी मागायची तर

जमीन ज्या हद्दीत आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात, किंवा अशा अर्जांचा अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. सोबत मुलाचा जन्मदाखला, यजमानांचा मृत्यूदाखला, चालू सातबारा, आठ-अ, वारसनोंदीचा फेरफार, मोजणीचा नकाशा असेल तर तो, वार्षिक मूल्यदर तक्त्यातला त्या गटाचा दर, आजूबाजूच्या दोन-तीन अलीकडच्या खरेदीखतांच्या नकला आणि गिऱ्हाइकाचा लेखी देकार लागेल. इतर वारसांची ना-हरकतही मागतात. न्यायालय नातेवाइकांना नोटीस काढून म्हणणं मागवू शकतं, त्यामुळे काही महिने धरून चाला.

अर्ज बहुधा कुठे फसतो ते सांगतो. परवानगी दोनच कारणांवर मिळते: अज्ञानाची निकड, किंवा अज्ञानाचा उघड फायदा. कुटुंबाची निकड हे कारण होत नाही. तुमच्या मुलीची फी ही मुलाची निकड नव्हे. अर्जात ती पहिल्या ओळीत लिहिली तर विरोधी मुद्दा तुम्हीच न्यायाधीशांच्या हातात देता. पतसंस्थेच्या कर्जाचं तसं नाही. मयताचं कर्ज त्याच्या मिळकतीतून फेडायचं असतं, त्यामुळे त्याचा चौथा भाग, साधारण एक लाख, मुलाच्या हिश्श्यावर पडतो असं म्हणता येतं. पण मुलाच्या हिश्श्याची किंमत १५ लाख आहे. एक लाखासाठी १५ लाखांची जमीन का विकता, उरलेले १४ लाख कुठे जाणार, हे प्रश्न येणारच. उत्तर तयार हवं: रक्कम थेट मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, तो सज्ञान होईपर्यंत न्यायालयाच्या परवानगीशिवाय मोडायची नाही. अशी अट न्यायालय स्वतःहूनही घालतं. काही वेळा जाहीर लिलावाची किंवा अंतिम मंजुरीनंतरच विक्री पुरी करण्याची अटही येते. हुकूम हातात आल्यावर त्यातल्या अटी शब्दशः खरेदीखतात उतरवायच्या. परवानगी एका गटाची आणि विक्री दुसऱ्याची, किंवा हुकुमातल्यापेक्षा कमी किमतीला विक्री, असं झालं तर परवानगी असून नसल्यासारखी.

न्यायालयात न जाता पालकाला एक गोष्ट करता येते. मुलाचा हिस्सा भाड्याने देता येतो, पण पाच वर्षांपेक्षा जास्त नाही, आणि तो सज्ञान झाल्यानंतर एक वर्षाच्या पुढे नाही. दोन्ही मर्यादा एकदम पाळायच्या. तुमच्या मुलाला आत्ता १५ पूर्ण झाली, म्हणजे त्याच्या एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंतच, चार वर्षांच्या आत. सौरऊर्जा प्रकल्पवाले पंचवीस-तीस वर्षांचे भाडेकरार घेऊन येतात, तिथे ही मर्यादा हटकून ओलांडली जाते. शेती कसायला देताना कूळ लागण्याचा (कसणाऱ्याला जमिनीवर कायद्याने हक्क मिळण्याचा) प्रश्न वेगळा आहे, तो वकिलाकडून तपासून मगच कागद करा.

तुमची मुलगी २० वर्षांची आहे. ती सज्ञान आहे, तिच्या हिश्श्यावर सही तिचीच लागेल आणि तुम्ही तिच्या वतीने काही लिहून देऊ शकत नाही. तिला मसुदा स्वतः वाचू द्या. लग्नाआधी हक्कसोड करून घेण्याचा विषय कोणी काढला, तर तो या व्यवहारातून पूर्ण बाजूला ठेवा.

(हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम कायद्यात आई अज्ञानाच्या मिळकतीची आपोआप पालक होत नाही. न्यायालयाने नेमल्याशिवाय तिने केलेली विक्री शून्यच ठरते. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना पालक व पाल्य कायदा, १८९० खाली जावं लागतं.)

सासूबाईंचे ३० आर

मुलाच्या बाबतीत निदान वाट स्पष्ट आहे. सासूबाईंचा भाग जास्त अवघड, आणि सगळ्यात चुकीचा सल्ला तुम्हाला इथेच मिळाला आहे.

दिरांचं मुखत्यारपत्र २०२१ चं आहे, तेव्हा सासूबाई ठीक होत्या, ते नोंदणीकृतही आहे. तरी त्यावर आज जमीन विकता येत नाही. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली किंवा तिचं मानसिक भान गेलं की मुखत्याराचा अधिकार संपतो. काही देशांत भान गेल्यानंतरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणजे म्हातारपणी उपयोगी पडावं म्हणून केलेला कागद नेमक्या गरजेच्या वेळी निकामी होतो. हे दुःखद आहे आणि कायदा बदलायला हवा असं आमचं ठाम मत आहे, पण आज कायदा हाच आहे. नोंदणीने यात काही फरक पडत नाही. 'देणार हयात आहेत व मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही' असं घोषणापत्र दिरांना दुय्यम निबंधकासमोर द्यावं लागेल. आईची अवस्था माहीत असून ते दिलं तर त्यांच्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. हे त्यांना शांतपणे सांगा. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

मग सासूबाईंनी स्वतः सही किंवा अंगठा दिला तर? स्मृतिभ्रंशाचं निदान झालं म्हणजे माणूस करार करायला कायमचा अपात्र झाला, असं कायदा म्हणत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उलट स्पष्ट सांगतो की नुसत्या मानसिक आजाराच्या निदानावरून कोणाला भान नसलेलं ठरवायचं नाही, तसं सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. करार कायद्याचं कलम १२ पाहतं ते एवढंच की त्या क्षणी, त्या करारापुरतं, व्यक्तीला तो समजत होता का आणि आपल्या हिताचा विचार करून ठरवता येत होतं का. एरवी भानावर नसणारी व्यक्ती मधल्या स्वच्छ काळात करार करू शकते. मात्र तो काळ स्वच्छ होता हे सिद्ध करायचं ओझं मग करार टिकवू पाहणाऱ्यावर येतं.

पाटणा उच्च न्यायालयाच्या १९५७ च्या निकालात साधारण २५ हजारांची मिळकत ७ हजारांना विकली गेली होती. विकणारा जन्मापासून मंदबुद्धी होता. न्यायालयाने विक्री शून्य ठरवली आणि सांगितलं की माणूस वेडा दिसायला हवा असं नाही. वागणं सर्वसाधारण दिसत असूनही व्यवहाराचा आपल्यावर काय परिणाम होईल हे त्याला ठरवता येत नसेल तर पुरे. सासूबाई पाहुण्यांशी छान बोलतात, चहा विचारतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही ते यामुळेच.

एखाद्या चांगल्या दिवशी सही घ्यायचीच ठरली तर काय पुरावा लागेल ते पाहा. त्याच दिवशी, सहीच्या आधी, मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञाने तपासायला हवं. 'पेशंट फिट आहे' एवढंच लिहिलेला दाखला उलटतपासणीत टिकत नाही. ३० पैकी गुण देणारी स्मरणशक्तीची चाचणी उपयोगी आहे, पण कायद्याचा प्रश्न गुणांचा नाही. डॉक्टरांनी प्रश्न विचारून उत्तरं सासूबाईंच्या शब्दांत टिपावीत: कोणती जमीन? कोणाकडून मिळाली? किती रुपये येणार? ते कोणाकडे राहणार? विकली नाही तर काय होईल? 'जमीन विकायची ना, आई?' असा प्रश्न विचारून मिळालेल्या 'हो'ला किंमत नाही, कारण या आजारात माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून होकार देतो. तासाभराने तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, उत्तरं जुळली पाहिजेत. वेळ सकाळची ठेवावी, कारण अनेक रुग्णांचा गोंधळ संध्याकाळकडे वाढतो. दिर आणि गिऱ्हाईक खोलीत नकोत. दस्त मराठीत वाचून दाखवलेला हवा, पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात जायला हवेत. आजारी माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, त्याला गृहभेट म्हणतात. पण लिहून देणारी व्यक्ती भानावर नाही असं दिसलं तर नोंदणी नाकारणं हे त्यांचं कर्तव्य आहे.

हे सगळं करूनही, दोन वर्षांपूर्वी निदान झालेलं, नातीला बहीण समजण्याइतका आजार पुढे गेलेला, आणि गिऱ्हाईक दिरांनीच आणलेलं, अशा स्थितीत सासूबाईंची सही घेऊ नये असं आमचं मत आहे. वय किंवा आजाराने मन दुबळं झालेल्या माणसाशी जवळच्या माणसाने केलेला किंवा घडवून आणलेला व्यवहार न्यायालय संशयानेच पाहतं.

त्यांच्या हिश्श्याचा निर्णय घ्यायचाच असेल तर न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागेल, आणि इथे चुकीच्या दारात जाऊ नका. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते, पण ती सोय स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालचा नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरताच, त्याला जमिनीचा अधिकार नाही. उरतात दोन वाटा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ खाली जिल्हा न्यायालयाकडून मर्यादित पालक नेमून घेणं. तो ठरावीक निर्णयापुरता असतो आणि त्याने रुग्णाशी सल्लामसलत करतच निर्णय घ्यायचा असतो. आजार फारच पुढे गेला असेल तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात याचिका. कोमात असलेल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमण्याचा आदेश याच न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. पालक म्हणून दिरांचं नाव सुचवलं गेलं तर हा व्यवहार त्यांनी आणला ही गोष्ट अर्जात उघड करा. हितसंबंध आड येत असतील तर आधार देणाऱ्याने त्या निर्णयापासून दूर राहायचं, असं दिव्यांग हक्क कायदाच सांगतो.

रोजच्या खर्चासाठी एवढं सगळं करायची गरज नाही. सासूबाईंची औषधं, डायपर, मदतनीस यांवर तुम्ही करता तो खर्च करार कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे त्यांच्या मिळकतीतून परत मिळू शकतो, म्हणून बिलं एका फाईलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. बँकेत सही जमत नसेल तर अंगठा चालतो, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ही रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, शाखेत आठवण करून द्या. ती सही न करता येणाऱ्यांसाठी आहे, न समजणाऱ्यांसाठी नाही, एवढं लक्षात ठेवा.

मग पैशांचं काय

चौघांपैकी दोघांच्या हिश्श्याला न्यायालयाची वाट आहे, त्यामुळे सगळी जमीन या वर्षी विकली जाईल ही आशा सोडा. तुमचा आणि मुलीचा मिळून अर्धा हिस्सा तुम्ही दोघी आजही विकू शकता, पण तो अविभक्त असेल. घेणारा भाव पाडून मागेल आणि नंतर वाटपाचा दावा लावेल. शिवाय एका वारसाने हिस्सा विकायला काढला तर घेण्याचा पहिला हक्क सहवारसांचा असतो. तहसीलदारांकडे संमतीने वाटप करून घ्यायचं म्हटलं तरी सासूबाईंच्या संमतीचा तोच प्रश्न येतो. वाटपाचा दिवाणी दावा करता येतो. त्यात अज्ञान आणि भान नसलेल्या व्यक्तीसाठी न्यायालय प्रतिनिधी नेमतं आणि तडजोड झालीच तर तिला न्यायालयाची मंजुरी लागते. वाटून येणारे ३० आर जिरायतीच्या २० आर या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा जास्त आहेत, त्यामुळे तुकडेबंदीची (प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडायला असलेल्या मनाईची) अडचण येऊ नये.

तुमच्या दोन खर्चांसाठी आम्ही आधी जमिनीबाहेरच्या वाटा पाहू. पतसंस्थेकडे लेखी अर्ज करून एकरकमी परतफेडीची सवलत किंवा हप्ते पाडून मागा. सोबत मृत्यूदाखला जोडा आणि कर्जाला विमा होता का हे विचारा. बऱ्याच घरांत हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. मुलीच्या नर्सिंगसाठी शैक्षणिक कर्ज मिळू शकतं, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची पतहमी योजना असल्याने तारण लागत नाही. मुलगा तीन वर्षांत सज्ञान होईल. तेव्हा जन्मदाखल्यासह ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करून 'अपाक' शेरा कमी करून घ्या, मग त्याच्या हिश्श्यावर तो स्वतः सही करेल आणि कोणतीही परवानगी लागणार नाही. जमिनीला तोपर्यंत काही होत नाही.

गिऱ्हाइकाला लेखी कळवा, नुसतं तोंडी नको: दोन सहहिस्सेदारांच्या बाबतीत न्यायालयाची परवानगी नसल्याने साठेखत करता येत नाही, विसार स्वीकारलेला नाही. दिरांनी परस्पर काही रक्कम घेतली असेल तर ती तुमच्या संमतीने घेतलेली नाही, हेही त्याच पत्रात लिहा आणि पोचपावती ठेवा.

टॅबचं थोडक्यात. मुलाची त्या फॉर्मवरची सही कर्जापुरती शून्य आहे, वय खोटं लिहिलं असलं तरी वसुली त्याच्यावर होत नाही. फार तर टॅब परत करायला लावतील. पण तुमची सही कुठल्या रकान्यात आहे ते पाहा. 'सहकर्जदार' किंवा 'जामीनदार' असेल तर हप्ते तुमचेच आणि थकले तर नोंद तुमच्या सिबिलवर. मुलीच्या शैक्षणिक कर्जात तुम्ही सहकर्जदार असणार, तेव्हा तो अर्ज करण्याआधी टॅबचे थकलेले हप्ते भरून टाका आणि फायनान्स कंपनीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या.